दुसऱ्याच्या दमाने

पुण्याला मी आयुष्यात एकदाच गेलो, ते मॅरेथॉन धावायला. तेव्हा आमची मिल बंद होऊन वर्ष उलटलं होतं. इंदूरच्या मिला एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या, तशी आमचीही पडली. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी गेली, आणि एका सकाळी आम्ही डबे घेऊन पोचलो तर गेटवर पोलीस उभे होते. मी साचेखात्यात विणकर होतो. माझ्या साच्यावर अर्धवट विणलेलं कापड तसंच चढलेलं राहिलं. ते काढायला तरी आत सोडा, असं मी एका हवालदाराला म्हणालो, तर तो हसला. त्याचंही बरोबर होतं. ते कापड काही माझं नव्हतं.

आमचे आजोबा महूला फौजेत होते. पेन्शनीवर आले आणि तिथेच राहिले. वडील इंदूरला येऊन मिलमध्ये लागले, आणि पुढे त्यांच्या जागी मी लागलो. आमच्या मोहल्ल्यात बुद्धविहाराच्या आसपासच्या बहुतेक घरांची हीच कहाणी होती. आजोबा फौजेत, वडील मिलमध्ये, मुलगाही मिलमध्ये. मिल बंद होऊ शकते हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. गेटसमोर धरण्याचा तंबू लागला, भाषणं झाली, नेते आले आणि गेले. त्याच दिवसांत शहरात घरोघर केबल येत होती, नव्या गाड्यांची दुकानं उघडत होती, आणि पेपरात रोज वाचायला मिळायचं की आता देशाचे दरवाजे उघडले आहेत. आम्ही तो पेपर बंद गेटला टेकून वाचायचो.

धावायची सवय मला मिलनेच लावली. मिलची हॉकीची टीम होती, कुस्तीचा आखाडा होता, तशी धावणाऱ्यांचीही एक टोळी होती. मिलामिलांच्या शर्यती व्हायच्या आणि जिंकणाऱ्याला मजूर गुलाल उधळत खांद्यावरून गेटपर्यंत आणायचे. धावणाऱ्यांना पाळी संपायच्या आधी सरावासाठी सुटी मिळायची, शिवाय दूध मिळायचं. आमच्या टोळीत सगळ्यात पक्का माणूस होता कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यातला. मालवी बोलणारा, माझ्याहून बराच मोठा, अंगाने काटकुळा. सगळी मिल त्याला बडे भिया म्हणायची. दम कसा राखायचा, चढावर मान कुठे ठेवायची, हे मला त्याने शिकवलं. लांबच्या शर्यतीत कायम तो पहिला आणि मी दुसरा. मिल बंद झाली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी त्याला पहिल्यांदा मागे टाकलं, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली होती.

मिल बंद झाली तरी पहिल्या पाळीच्या वेळेला डोळे आपोआप उघडायचे. अंथरुणात पडून राहिलं की घर अंगावर यायचं. मग आम्ही दोघं पाटनीपुऱ्यावरून विजय नगरकडे धावत निघायचो. तेव्हाचं विजय नगर म्हणजे नुसते प्लॉट. रुंद डांबरी रस्ते, दिव्यांचे खांब, आणि अधूनमधून एखादं नवं घर. धावायला त्याच्याइतकी चांगली जागा सगळ्या इंदुरात नव्हती. परत येताना चौकात पोहे खात उभे असलेले ओळखीचे लोक हाका मारायचे, "भिया, मिल तो गई, अब किसके पीछे भाग रिये हो?" बडे भिया हसून हात दाखवायचा. मला हसता यायचं नाही.

बायको घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. बायको माझ्या धावण्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही. एकदाच म्हणाली, तेही तव्याकडे बघत, की तुम्ही धावून येता त्या दिवशी तुम्हाला भूक जास्त लागते. तिने ते सहज म्हटलं होतं की मुद्दाम, ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवसापासून मी धावून आल्यावर एक पोळी कमी खायला लागलो.

अशाच एका सकाळी विजय नगरच्या रस्त्यावर एक पांढरी गाडी आमच्या बाजूने हळूहळू चालू लागली. आत एक तरुण माणूस होता. त्याने काच खाली करून हिंदीत विचारलं, तुम्ही कोणत्या क्लबचे? बडे भियाने मिलचं नाव सांगितलं. मी मध्येच काहीतरी बोललो, त्यावरून त्याने ओळखलं आणि एकदम मराठीत म्हणाला, "अरे, तुम्ही मराठी का?"

तो पुण्याचा होता. इंदूरजवळ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिच्यात माणसांची भरती बघणारा अधिकारी होता. इंदूरला येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते आणि मराठी ऐकून तो खरोखर खूश झाला होता. त्याने आम्हाला आपल्या भाड्याच्या घरी नेलं. त्याच्या बायकोने आम्हाला कपबशीत चहा दिला. मग त्याने सांगितलं की कंपनीचं हेड ऑफिस पुण्यात आहे, तिथे दर वर्षी मॅरेथॉन असते आणि कंपनीच्या प्रत्येक कारखान्यातून टीम जाते. पीथमपूरची टीम कधी धड झालीच नाही. इथले मोठे साहेब स्वतः धावतात. काही वर्षं जर्मनीत होते, तिथे त्यांना सवय लागली.

मी विचारलं की धावणारे कंपनीचे कामगारच असायला पाहिजेत, असं आहे का. तो म्हणाला, तसं काही नाही, आणि झालंच तर कामगार व्हायला कितीसा वेळ लागतो. हे तो अगदी सहज बोलून गेला. बडे भियाने हातातला कप खाली ठेवला. निघताना अधिकारी फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "साहेब खेळाडूंना फार मानतात. बघू या."

दिवाळीनंतरचे सगळे दिवस आम्ही त्या 'बघू या'वर काढले. मी घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, नक्की काय म्हणाले ते? मी तेच शब्द पुन्हा सांगितले, पण आवाज थोडा बदलून. मग ती शिलाईची जास्त कामं घ्यायला लागली आणि सकाळी माझ्या ताटात उकडलेलं अंडं दिसायला लागलं. मी आणि बडे भिया आता देवास रोडवर लांबपर्यंत जायचो. इतका चांगला मी आधी कधीच धावलो नव्हतो. शेवटच्या टप्प्यात बडे भिया मागे राहायचा आणि मागूनच ओरडून सांगायचा, थांबू नको, जा पुढे.

कंपनीने आम्हाला बसची तिकिटं काढून दिली आणि निळे टी-शर्ट दिले. छातीवर आणि पाठीवर इंग्रजीत कंपनीचं नाव होतं. दुपारी बस निघाली. महू आलं तेव्हा बडे भियाने विचारलं, तुझे दादाजी इथेच होते ना? मी हो म्हणालो. आजोबा फौजेतून देशभर फिरले होते, वडील मिलपायी कुठेच गेले नाहीत, आणि मी कंपनीच्या खर्चाने पुण्याला चाललो होतो. मला त्याचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

सकाळी डोळे उघडले तर दुकानांच्या पाट्या मराठीत होत्या. चहावाला मराठीत बोलत होता, हमाल मराठीत भांडत होते. इंदूरला आमची मराठी घरातली, विहारातली, फार तर लग्नकार्यातली. उंबरा ओलांडला की आपण हिंदीत शिरतो. इथे अख्खा रस्ता मराठी होता. मी बडे भियाला म्हणालो, आता बोलायचं काम माझ्याकडे. तो म्हणाला, हौ भिया, अब तू बड़ा.

कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्हाला एक खोली मिळाली. थंडी होती, म्हणून मी तिथल्या केअरटेकरला जाऊन म्हणालो, एक चादर द्या, ओढायला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "ओढून कुठे नेणार?" शेजारी उभा असलेला स्वयंपाकी हसायला लागला. पांघरायला म्हणायचं होतं, हे मला खोलीत परत आल्यावर कळलं. आमच्या घरात आजीपासून सगळे चादर ओढूनच झोपायचे. संध्याकाळपर्यंत तो केअरटेकर दोनदा आला आणि दोन्ही वेळा माझ्याशी हिंदीत बोलला. जेवण तयार है, गरम पानी आ गया. मी मराठीत उत्तर दिलं तरी तो हिंदीतच बोलायचा. त्याला वाटत असेल की तो मला मदत करतोय.

संध्याकाळी अधिकारी आला. आधी त्याने बडे भियाला व्हरांड्यात बोलावलं. दोघं थोडंसंच बोलले. बडे भिया आत आला आणि पलंगावर बसून पायांना तेल चोळायला लागला. मग मला बोलावणं आलं.

अधिकारी खुर्चीत बसला होता, मलाही त्याने बसायला सांगितलं. तो जरा अवघडल्यासारखा दिसत होता. म्हणाला की साहेबांचा दम शेवटच्या टप्प्यात तुटतो. मागच्या वर्षी त्यांनी मध्येच सोडून दिलं, आणि हेड ऑफिसमधले लोक अजून त्यावरून चिडवतात. कुणीतरी सुरुवातीपासून त्यांच्या सोबत राहायला पाहिजे. चाल सांभाळायला, पाणी द्यायला, शेवटपर्यंत न्यायला.

मी विचारलं, "म्हणजे मी माझी शर्यत धावायची नाही?"

"धावायचीच आहे की. फक्त त्यांच्या सोबत धावायची."

 तो खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "हे बघा, तुमचा कितवा नंबर आला ते साहेब परवा विसरतील. सोबत कोण होतं, ते नाही विसरणार."

बडे भियालाही हेच विचारलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, विचारलं, ते नाही म्हणाले. मग मी कामाचं विचारलं, उघड उघड, पहिल्यांदाच. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघू या ना. उद्या होऊ द्या."

मी हो म्हणालो. आत आलो तेव्हा बडे भियाने वर बघितलं नाही. तेलाची बाटली बंद करत म्हणाला, "मेरे बच्चे तो बड़े हो गए, भिया. तेरी बच्ची छोटी है. मैं कुछ नी बोल रिया." आणि खरंच तो त्यावर काही बोलला नाही. त्याने रागावून दोन शब्द ऐकवले असते, तर मी कदाचित व्हरांड्यात परत गेलो असतो.

सकाळी मैदानावर एवढी माणसं होती की अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्यांची, दिव्यांच्या देखाव्यांची मिरवणूक बघायला इंदूरला जमते तशी गर्दी वाटत होती. साहेब आले. उंच, गोरे, कानाजवळचे केस पांढरे झालेले, पायात परदेशी बूट. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, नाव विचारलं आणि ते ऐकायच्या आधीच अधिकाऱ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. त्यानंतर दिवसभर ते मला चॅम्पियन म्हणत राहिले.

शर्यत सुटली. बडे भियाचं टक्कल थोडा वेळ पुढच्या गर्दीत दिसत होतं, मग दिसेनासं झालं. माझे पाय त्याच्या मागे जायला बघत होते आणि मी त्यांना धरून ठेवत होतो. ज्याला धावायची सवय आहे त्यालाच हे कळेल. हळू धावणं सोपं नसतं. अंगात ताकद भरलेली असते आणि ती कुठे ठेवावी ते कळत नाही. मांड्या भलत्याच जागी दुखायला लागतात. माझ्या बाजूने पोरंटोरं पुढे जात होती, जाडी माणसं पुढे जात होती, एक गृहस्थ तर गप्पा मारत पुढे गेला. साहेब मात्र मजेत होते. त्यांची चाल बरी होती, नाही असं नाही.

बरंच अंतर गेल्यावर साहेबांनी विचारलं, "कोणत्या खात्यात होतात मिलमध्ये?"

"साचेखात्यात."

"यंत्रं कधीची होती तुमची?"

मी म्हणालो, काही वडिलांच्या वेळची, काही त्याच्याही आधीची.

"तेच तर," साहेब म्हणाले. त्यांना धाप लागत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत होतं. अशा गिरण्या कधीच बंद व्हायला हव्या होत्या, असं ते सांगत होते. त्या चालवून देशाचं भलं नाही आणि कामगाराचंही नाही. जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही. थोडे दिवस त्रास होणार, तो सोसायला पाहिजे. ते चिडून बोलत नव्हते, मला दुखवावं असंही त्यांच्या मनात नव्हतं. डॉक्टर पेशंटला समजावून सांगतो तसं समजावत होते. मध्ये श्वास घ्यायला थांबले की मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली देत होतो.

माझ्याकडे दमच दम होता. पुण्यापासून इंदूरपर्यंत पुरेल इतकं बोलता आलं असतं मला. सूत कातायच्या रिंग खात्यातला आमचा एक सोबती रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा, दिवसभर राजवाड्यासमोरच्या बागेत बसायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी जायचा, कारण मिल बंद झाल्याचं त्याने म्हाताऱ्या आईला सांगितलेलंच नव्हतं. त्याने आणखी किती दिवस सोसायचं, हे मी साहेबांना विचारू शकलो असतो. मी म्हणालो, "जी साहेब." ते खूश झाले. म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात.

शेवटच्या टप्प्यात साहेबांचा पाय धरला. पोटरीत गोळा आला आणि ते फुटपाथच्या कडेला बसले. मी त्यांचा बूट काढला, पाय ताणून धरला आणि अंगठ्याने पोटरी चोळली. बडे भियाने माझी अशीच चोळली होती कधीकाळी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सोडून जाऊ नका." त्या वेळी ते साहेब राहिले नव्हते. घाबरलेला, थकलेला, माझ्या वडिलांच्या वयाकडे झुकलेला एक माणूस होता. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर मायाही आली. मी त्यांना उठवलं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि थोडं चालवत, थोडं धाववत पुढे नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते. एक बाई म्हणाली, शाब्बास काका, आता जवळच आहे. साहेब हसले. मीही हसलो.

शेवटची रेघ दिसायला लागली. साहेबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि स्वतःच्या पायांनी धावायला लागले. मी अर्धं पाऊल मागे होतो. समोर अधिकारी फोटोवाल्याला घेऊन उभा होता, आजूबाजूला हेड ऑफिसचे लोक टाळ्या वाजवत होते. मला बघून त्याने हाताने खूण केली. मला आधी वाटलं शाबासकी देतोय. मग तो ओरडला, "तुम्ही जरा बाजूला. बाजूला व्हा." साहेबांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं आणि छाती काढली.

मी बाजूला झालो. कडेला दोरी बांधलेली होती, ती ओलांडून बघ्यांमध्ये जाऊन उभा राहिलो. रेघ अगदी समोर होती, आमच्या दारापासून गल्लीतल्या नळाएवढी लांब. साहेबांनी दोन्ही हात वर केले, फोटो निघाले, कुणी त्यांच्या गळ्यात हार घातला. ते सगळं झाल्यावर मी दोरीखालून परत आत शिरायला लागलो, तर बिल्ला लावलेल्या एका पोराने मला अडवलं. म्हणाला, "काका, इथून आत नाही येता येणार." मी त्याला टी-शर्टवरचा नंबर दाखवला. तो म्हणाला, धावणारे तिकडून येतात. मी भांडलो नाही. भांडायचं तर त्याच्याशी कशाला भांडायचं.

बडे भिया एका झाडाखाली पाय पसरून बसला होता. तो केव्हाचाच आला होता. कंपनीच्या सगळ्या कारखान्यांच्या धावणाऱ्यांमध्ये तो पहिला होता आणि हेड ऑफिसमधल्या कुणीतरी येऊन त्याचं नाव विचारून घेतलं होतं. त्याचे ओठ फुटले होते, अंगावर मीठ सुकलं होतं, आणि चेहरा असा दिसत होता की मला त्याच्याकडे बघवेना. त्याने विचारलं, "पूरी करी?" मी हो म्हणालो. मी जराही थकलो नव्हतो. त्या दिवशी निदान थकायला तरी पाहिजे होतं मला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कितवा नंबर आला. मी म्हणालो, साहेबांनी स्वतः हात मिळवला, पूर्ण रस्ता माझ्याशी बोलत होते. ती "अच्छा" म्हणाली आणि मुलीला माझ्या मांडीवर देऊन कामाला लागली. नंबराचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मग पीथमपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. अधिकारी भेटायचा, चहा पाजायचा, भरती सध्या थांबली आहे असं सांगायचा. बडे भिया एकदाच माझ्यासोबत आला. त्याला म्हणाले की वय जास्त आहे. त्याने मान हलवली आणि तो परत गेला. उन्हाळ्यात अधिकाऱ्याची पुण्याला बदली झाली. त्याने काहीच केलं नाही असं मला म्हणता येत नाही. जायच्या आधी त्याने चौकीदार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला माझं नाव सांगितलं, आणि मी त्याच कारखान्याच्या मागच्या गेटवर उभा राहायला लागलो. मिलमध्ये मी कायम कामगार होतो. इथे मी कंपनीचा कुणीच नव्हतो, ठेकेदाराचा माणूस होतो.

पहिल्याच आठवड्यात साहेबांची गाडी त्या गेटवरून आली. मी सलाम केला. गाडी थांबली, काच खाली आली. "अरे, चॅम्पियन," साहेब म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "धावणं चालू आहे ना?"

मी म्हणालो, "जी साहेब."

"व्हेरी गुड. सोडू नका." काच वर गेली आणि मी फाटकाचा दांडा उचलला. अधिकारी खोटं बोलला नव्हता. साहेब मला विसरले नव्हते.

धावणं तर कधीच सुटलं होतं. उभं राहून राहून घोटे सुजायचे, आणि पीथमपूरची बस पकडायला अंधारात निघावं लागायचं. पुढे ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली, मला काढलं. मग भंवरकुआंला मुलांच्या एका हॉस्टेलात राखणीचं काम मिळालं, तेच शेवटपर्यंत केलं.

बडे भिया धान्यमंडीत पोती शिवायचा आणि सकाळी एकटाच धावायचा. गुडघा गेला तेव्हाच त्याचं धावणं थांबलं. पुण्याची गोष्ट तो मंडीत ज्याला त्याला सांगायचा, हेड ऑफिसवाल्याने नाव विचारलं इथपर्यंत. माझं नाव त्या गोष्टीत कधी आणायचा नाही. तो गेला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने मला विचारलं, तुम भी तो गए थे ना पूना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, वो तो बस वही याद करते थे. तो आयुष्यभर माझ्याशी नीट वागला आणि मला मात्र त्याचा हेवा वाटायचा. त्याला काय मिळालं होतं? मला मिळालं त्याहूनही कमी. तरी वाटायचा. अजून वाटतो.

मुलगी आता विजय नगरला एका मोठ्या ऑफिसात आहे. चांगलं कमावते. आता इंदूरलाही मॅरेथॉन होते आणि तिच्या ऑफिसचे सगळे धावतात. मागच्या वर्षी तिने नाव दिलं, तेव्हा आईकडून तिला कळलं की मी पुण्याला धावलो होतो. फार उत्साहाने माझ्याकडे आली. म्हणाली, "पापा, तुमची टायमिंग किती होती?"

मी सांगितलं की मी ती पूर्ण केली नाही.

"बीचमध्येच सोडून दिली?"

"हौ," मी म्हणालो. पूर्ण गोष्ट सांगायची तर मिलपासून सुरू करावी लागली असती, आणि तिला ऑफिसला जायचं होतं. ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि मला समजावलं की असं होतं पापा, सगळ्यांना नाही जमत, तुम्हाला ट्रेनिंगच कुठे होती तेव्हा. मी मान हलवली. तिचं सगळं चांगलं झालं आहे, त्यामुळे मला मोठ्याने काही बोलताही येत नाही.

शर्यतीच्या दिवशी टाळ्या वाजवायला या, असं ती म्हणाली होती. बायको गेली. मी तब्येतीचं निमित्त करून घरीच राहिलो, आणि त्या दोघी परत येईपर्यंत दार लावून बसलो.